गंगाधरपंतांना मागे का जाता आलं नाही? : नारळीकरांची एक कथा आणि कालप्रवासाचं विज्ञान



मागचं व्याख्यान संपलं, खुर्च्या आवरणं चालू होतं, तेव्हा एक गृहस्थ आमच्याजवळ आले. वय पंचाहत्तरीच्या आसपास. लालबागचे. ते म्हणाले, "तुम्ही सापेक्षतावाद सांगितलात, तो निम्मा कळला. एकच विचारायचं होतं. मागे जाता येईल का हो? फार लांब नाही. सतरा जानेवारी ब्याऐंशी. संपाच्या आदल्या दिवशी." तेव्हा ते एका गिरणीत बदली कामगार होते आणि वडील साचेखात्यात. आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी जाताना वाटलं, असं करायला नको होतं. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते देताना आम्ही एक कथा आधाराला घेणार आहोत, कारण मराठीत हा प्रश्न सगळ्यांत गंभीरपणे एका कथेनंच विचारलाय असं आमचं मत आहे.

कथा म्हणजे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पुष्कळांनी वाचली असेल. तुमच्या नातवंडांनी तर तिचं इंग्रजी रूप, 'द ॲडव्हेंचर', एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात अभ्यासलंही असेल. आज आम्ही जे तपशील सांगू ते त्या इंग्रजी रूपातले धरून चाला. नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून मुंबईला आले आणि पुण्याच्या 'आयुका'ची जबाबदारी घेईपर्यंत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांचं मराठी कथालेखन ह्याच काळात सुरू झालं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप ह्या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

आता कथेकडे जाण्याआधी थोडं विज्ञान. काळात प्रवास म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय कथेचा न्याय करता येणार नाही.

पहिली गोष्ट. घड्याळ मागे असणं म्हणजे काळात मागे जाणं नव्हे. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. १ जानेवारी १९०६ पासून देशाला प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबई शहरानं आपली 'मुंबई टाइम' सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक ह्या गावात दोन वेळा नांदत होत्या. प्रमाणवेळेनं बारा वाजता निघालेला माणूस 'मुंबई टाइम'च्या घड्याळाखाली पोचला तर तिथे अजून साडेअकराही वाजलेले नसायचे. पण म्हणून त्याला कुणी कालप्रवासी म्हटलं नाही. तो घड्याळं लावण्याचा करार होता, इतकंच.

खरा कालप्रवास वेगळा. दोन सारखी घड्याळं घ्यायची, एकत्र लावायची, वेगळ्या वाटांनी पाठवायची आणि परत शेजारी ठेवायची. दोघांनी मोजलेला काळ जर वेगळा निघाला, तर ज्याच्या घड्याळात कमी काळ गेला तो दुसऱ्याच्या भविष्यात आला. आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो की असं होतं. वेगात असलेलं घड्याळ मंद चालतं, आणि गुरुत्वाकर्षण जिथे जोरदार, तिथलंही घड्याळ मंद चालतं.

हे सिद्ध कसं झालं, त्या गोष्टीत मुंबईचा एक माणूस आहे. होमी भाभा. १९३८ साली, इंग्लंडमध्ये असताना, त्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. वैश्विक किरणांत जे अल्पायुषी कण सापडत होते, त्यांचं आयुष्य हेच एक घड्याळ समजा, असा त्यांचा मुद्दा. कण वेगात असेल तर त्याचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसेल आणि आइन्स्टाइनची परीक्षा होईल. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल ह्यांनी अमेरिकेतल्या कोलोराडोच्या डोंगरांत मोजमाप करून तेच दाखवलं. हे कण म्हणजे आजचे म्युऑन. स्थिर म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोनाहून जरासे जास्त. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साधारण ६६० मीटर जातो. म्युऑन तयार होतात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर. हे अंतर म्हणजे आपलं चर्चगेट ते वांद्रे. हिशोबानं बहुतेक म्युऑननी मरीन लाइन्स यायच्या आत संपायला पाहिजे. पण ते वांद्र्याला पोचतात! आत्ता तुम्ही तळहात असा आडवा धरलात तर दर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून आरपार जातोय. त्याच्या लेखी फारसा वेळ गेलेलाच नाही.

तेव्हा भविष्याकडचा प्रवास ही कल्पना राहिलेली नाही, ती मोजलेली वस्तू आहे. तुमच्या मोबाइलमधला नकाशा चालतो तो ज्या उपग्रहांवर, त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती चूक दुरुस्त केली नाही तर दिवसाभरात सुमारे दहा किलोमीटरचा घोटाळा होईल. तुम्ही दादरला उभे आणि नकाशा म्हणणार कुलाबा.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की हे आपल्याकडे आधीच माहीत होतं, भागवतात ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात गेला आणि परत आला तर युगं उलटली होती. गोष्ट सुंदरच आहे. पण किती वेगानं गेलं तर किती काळ उलटेल, हे त्या गोष्टीवरून काढता येत नाही. म्युऑनचं काढता येतं. एवढा फरक मान्य केला की मग गोष्टीचा आनंद घ्यायला आमची काही हरकत नाही. आणि एक बघा, ककुद्मीसुद्धा पुढेच गेला. मागे येणं त्यालाही जमलं नाही.

मागे जायचं म्हटलं की काय होतं? 'अशक्य' असं एका शब्दात सांगून विज्ञान मोकळं होत नाही. व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांत तीन दारं किलकिली दिसतात. एकेक उघडून बघू.

पहिलं दार कुर्ट ग्योडेल ह्या तर्कशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये दाखवलं. सगळं विश्वच फिरत असेल तर त्यात असे मार्ग निघतात की पुढे पुढे चालत माणूस आपल्याच भूतकाळात पोचेल. गणित बरोबर आहे. आपलं विश्व तसं फिरताना मात्र आढळत नाही. समीकरणाला उत्तर आहे, आपल्या घराला ते दार नाही.

दुसरं दार म्हणजे कृमिविवर. अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा. ह्याची हकिकत आम्हांला फार आवडते, कारण तीही एका गोष्टीतून निघाली. कार्ल सेगन 'काँटॅक्ट' ही कादंबरी लिहीत होते, १९८५ ला ती आली. नायिकेला झटक्यात दूरवर न्यायचं होतं. त्यांनी किप थॉर्नना विचारलं, काही मार्ग आहे का? थॉर्न आणि त्यांचे विद्यार्थी कामाला लागले आणि १९८८ मध्ये मॉरिस, थॉर्न, युर्त्सेव्हर ह्यांचा शोधनिबंध आला. बोगद्याचं एक तोंड वेगानं फिरवून आणलं तर दोन तोंडांच्या घड्याळांत फरक पडतो. मग एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडलं की माणूस मागच्या काळात. अडचणी दोन. बोगदा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते आणि ती लागेल तेवढी मिळवण्याचा मार्ग कुणाला ठाऊक नाही. शिवाय हॉकिंगनी १९९२ मध्ये असा अंदाज मांडला की असं यंत्र सुरू होण्याच्या क्षणीच निसर्ग ते मोडून टाकत असावा. हा अंदाज आहे, सिद्धता नव्हे.

पण आमच्या लालबागच्या गृहस्थांसाठी ह्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्या निबंधात आहे. असं यंत्र उद्या बनलं तरी ते तुम्हांला यंत्र बनण्याच्या आधीच्या काळात नेऊ शकत नाही. वेल्सच्या १८९५ च्या 'टाइम मशीन'मध्ये बसलं की हवं तिकडे जाता येतं. ह्या बोगद्याचं तसं नाही. त्याला तुमच्या वेळचं तोंडही लागतं, आणि हव्या त्या वेळचं दुसरं तोंडही. १९८२ साली मुंबईत, किंवा जगात कुठेही, कुणी ते तोंड बसवून ठेवलेलं नाही. तेव्हा सतरा जानेवारीला उतरायला स्टेशनच नाही.

समजा, तरीही पोचलात. मग काय करता येईल? रशियन शास्त्रज्ञ नोविकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली सुसंगतीची अट अशी की भूतकाळात तुम्ही असाल तर तुम्ही त्यात आधीपासूनच होतात. तुम्ही जे काही केलंत ते धरूनच तो इतिहास घडला. म्हणजे त्या संध्याकाळी परळच्या कुठल्या चाळीत कुणी एक अनोळखी म्हातारा 'उद्या जाऊ नका' असं सांगत फिरला असेल, तर संप त्याच्यासकट झाला.

तिसरं दार डेव्हिड डॉइच ह्यांचं, १९९१ चं. पुंजसिद्धांताचा अनेक विश्वांचा अर्थ धरला तर मागे जाणारा पोचतो तो दुसऱ्या विश्वात. तिथे तो बदल करू शकतो. संप मिटवू शकतो. पण तो मिटतो तिथला. ज्या खोलीतून तो निघाला, तिथल्या माणसांचं काहीच बदलत नाही.

हे सगळं एकत्र ठेवलं की आम्हांला जे दिसतं ते सांगतो, आणि आज आम्हांला मुख्यतः हेच म्हणायचंय. भूतकाळाचं दार कायमचं बंद आहे, असं भौतिकशास्त्रानं सिद्ध केलेलं नाही. पण माणसाला ज्यासाठी मागे जायचं असतं, झालेलं न झालेलं करण्यासाठी, त्यासाठी कुठलंच दार उपयोगाचं नाही.

आता गंगाधरपंत.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्यात रस्त्यानं चाललेत. डोक्यात पानिपतचा विचार, निकाल वेगळा लागता तर काय झालं असतं. ट्रकचा धक्का बसतो आणि ते भलत्याच जगात. 'जिजामाता एक्सप्रेस'नं मुंबईला येतात. इथे ईस्ट इंडिया कंपनी अजून कारभार करते आहे. फोर्टात ओळखीची दुकानं नाहीत. मुलगा ज्या कचेरीत असायला हवा, तिथे त्या नावाचा कुणी नाही. मग हा माणूस काय करतो? टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन इतिहास वाचत बसतो. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. नारळीकर आपल्या नायकाला १७६१ मध्ये नेत नाहीत. तो त्याच वर्षात, त्याच देशात, बाजूला सरकतो. साधा लेखक त्याला भाऊसाहेबांच्या छावणीत उतरवता, कानात सल्ला देता, टाळ्या घेता. नारळीकरांना ते दार वापरायचं नव्हतं. का? १९६० च्या दशकात फ्रेड हॉइल ह्यांच्याबरोबर त्यांनी नेमकं ह्याच प्रश्नावर काम केलं होतं. विद्युतचुंबकीय समीकरणं काळाच्या दोन्ही दिशांना सारखीच चालतात, मग लहरी भविष्याकडूनच भूतकाळाकडे येताना का दिसत नाहीत? ह्याचं उत्तर त्यांनी विश्वाच्या रचनेत शोधलं. काळाची दिशा ही ज्याच्या संशोधनाची बाब होती, तो कथेत ती सहजासहजी उलटी करणार नाही. कथेतला हा संयम त्या कामातून आलाय, असं आम्ही समजतो.

दुसरी गोष्ट. त्यांनी पानिपत जिंकून दिलं, पण मुंबई दिली नाही. त्या जगात मराठ्यांची सत्ता पसरते, लोकशाही येते, देश स्वाभिमानानं उभा राहतो, आणि मुंबई मात्र भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडेच राहते! ह्यात एक खट्याळपणा आहे, पण नुसता खट्याळपणा नाही. एक गोळी हुकवली की बाकी सगळं आपल्या मनासारखं होतं, ह्या आपल्या समजुतीला दिलेला तो चिमटा आहे.

आणि तिसरी, आझाद मैदान. तिथे सभा चालू आहे आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी. त्या जगात अध्यक्षाविनाच सभा होतात. आपल्या नऊशे नव्याण्णव सभांच्या सवयीनं पंत त्या खुर्चीत जाऊन बसतात. लोक चिडतात, वस्तू फेकतात, शेवटी व्यासपीठावर चढतात. आपण ज्या इतिहासाची जन्मभर आस धरली, त्या इतिहासात आपल्याला जागाच नाही, हे पंतांना असं कळतं. आम्हांला कथेतला हा सगळ्यांत खरा प्रसंग वाटतो. बदललेल्या भूतकाळातून आलेला वर्तमान आपली वाट बघत बसलेला नसतो. तिथे कदाचित आपण जन्मलेलोच नसतो.

आता दोष. नारळीकर गेले, २० मे २०२५ ला, आणि गेलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे फक्त चांगलं बोलतात. पण कथेला दोष दाखवणं हाही तिचा मान आहे.

एक, विज्ञानाचा उलगडा. शेवटी राजेंद्र देशपांडे हा मित्र येतो आणि 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी' आणि पुंजसिद्धांत जोडून समजावतो. ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत अनिश्चितता नाहीच. लहानसा बदल मोठी उडी घडवू शकतो, एवढंच ती सांगते. दुसरीत अनेक शक्यता आहेत, पण पुंजसिद्धांताची रूढ समीकरणं धरली तर एकदा फुटलेल्या फांद्यांमध्ये निरोपाची ये-जा होऊ शकत नाही, ट्रकच्या धक्क्यानंसुद्धा. पंतांच्या खिशात बखरीचं फाटकं पान उरतं, ते तर त्याहून अशक्य. नारळीकरांना हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मग पान का ठेवलं? कारण नायक इतिहासकार आहे, आणि पुराव्याशिवाय त्यानं स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवला नसता. विज्ञान इथे हरतं, पात्र जिंकतं. आम्ही ही तडजोड मान्य करतो, पण ती तडजोड आहे हे सांगून.

दोन, आणि हा दोष आम्हांला मोठा वाटतो. अख्खा इतिहास एका गोळीवर तोलला आहे. पानिपतावर सैन्याची उपासमार होती, बरोबर यात्रेकरूंचा आणि बाजारबुणग्यांचा लवाजमा होता, उत्तरेतले मित्र दुरावले होते, रसद तुटली होती. गोळी कानाजवळून गेली म्हणून पोटात अन्न पडत नाही. कथेला एक फाटा हवा असतो, म्हणून ती एक क्षण निवडते. आपण वाचक मात्र तिथे फसतो. आपल्यालाही वाटायला लागतं, एक क्षण होता, तेवढा सापडला की झालं.

आता परत लालबागला येऊ. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. काका, सतरा तारखेला तुम्ही पोचलात असं धरू. कुणाला थांबवणार? काही गिरण्यांतलं काम १९८१ च्या शरदातच थांबलेलं होतं. बोनसचा राग त्याआधीचा. जुनी यंत्रं त्याच्याही आधीची. भिवंडीचे यंत्रमाग, गिरण्यांच्या जमिनींचे वाढते भाव, मान्यताप्राप्त युनियनबद्दलचा असंतोष, हे सगळं सतरा तारखेला आधीच हजर होतं. गोळी एक नव्हती. आदला दिवस एक नव्हता. असं म्हणताना दोष कुणाचा, हे आम्ही पुसून टाकत नाही. दोष शोधायचाच तर एका दिवसापेक्षा जास्त मागे जावं लागेल, आणि तिथे जायला यंत्र लागत नाही. कागदपत्रं लागतात, आणि जे आहेत त्यांच्या आठवणी लागतात. पंतही त्या परक्या मुंबईत पोचल्यावर ग्रंथालयात गेले, हे विसरू नका.

एक गोष्ट मात्र भौतिकशास्त्र तुम्हांला नक्की देऊ शकतं. त्या संध्याकाळी लालबागवर जे दिसत होतं, त्या उजेडाचा आकाशाकडे सुटलेला भाग अजून नष्ट झालेला नाही. तो प्रकाशाच्या वेगानं दूर चाललाय आणि आज त्रेचाळीस-चव्वेचाळीस प्रकाशवर्षांवर असेल. तत्त्वतः तिथून कुणी आत्ता इकडे पाहिलं तर त्याला अजून संपाच्या आधीची मुंबई दिसेल. आपण त्या उजेडाला कधीच गाठू शकणार नाही, कारण त्याच्यापेक्षा वेगानं काही जात नाही. तो दिवस घडलेला आहे आणि तो खोडता येत नाही. ह्यात निराशा आहे तशी एक हमीही आहे. तुम्ही त्या साचेखात्यात होतात, हेही आता कुणाला खोडता येणार नाही. तिथे आज टॉवर उभा असला तरी.

कथेच्या शेवटी गंगाधरपंत पानिपतच्या परिसंवादाचं अध्यक्षपद नाकारतात. हजारावं व्याख्यान आझाद मैदानावर झालं म्हणतात, आता पुन्हा नाही. आम्हांला तो शेवट पूर्वी नुसता विनोदी वाटायचा. आता वाटतं, 'असं झालं असतं तर' ह्या विषयावर बोलायचं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं होतं.

काका आज आलेत का, माहीत नाही. आले असतील तर व्याख्यान संपल्यावर थांबा. मागच्या वेळी आम्ही विचारलं नाही, ते विचारायचंय. सतरा तारखेला तुमच्या खोलीत काय बोलणं चाललं होतं, ते आम्हांला लिहून घ्यायचंय.